पुरं नाव

"पिशवी कुठं हाय माजी?" मावशी तिच्या डॉक्टरला विचारायची आणि दोन्ही हात कमरेवर ठेवायची. उत्तर मिळेपर्यंत ते हात खाली येत नसत.

भुकूमच्या लॅबमध्ये मी काचा बनवते, म्हणजे गाठीचे पातळ काप काचेवर चढवते. उरवड्याच्या या मावशीच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि मावशीला बोलावून विचारलं, "गर्भाशय काढलंय का?"

"काडलंय की. साधी गाठ म्हनला डॉक्टर."

"तपासायला पाठवलं होतं?"

तुम्हीही पाहिलं असेल. ऑपरेशन झालं की डॉक्टर काढलेली गर्भाशयाची पिशवी ट्रेमध्ये बाहेर आणतात, नातेवाईक वाकून बघतात, हात जोडतात, ट्रे आत जातो. तसंच झालं होतं. पिशवी न तपासताच टाकून दिली.

पेशी बघून मॅडमना शंका आली, पण खात्री होईना. मग जनुकांची तपासणी केली. दोन जनुकं तुटून भलतीच एकमेकांना चिकटलेली निघाली. एन्डोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा. गर्भाशयाचा दुर्मिळ कॅन्सर, फुप्फुसापर्यंत पसरलेला. पिशवी काढली तेव्हाच कळला असता तर उपचार वेळेवर सुरू झाले असते.

मावशीने ते नाव माझ्याकडून पाठ करून घेतलं. "शिवी घालायची तर नाव घिऊन घालावी." उच्चार असा करायची की मला हसू फुटायचं. तीही हसायची, मग खोकत बसायची. फार लळा लागला हो तिचा.

ऑपरेशन केलेल्या त्या डॉक्टरने एकदा 'चुकलो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तो म्हणाला, "अशी केस लाखात एखादी."

"मंग ती मीच की रं!"

दुसऱ्या बायकांच्या ऑपरेशनच्या दिवशी ती त्याच्या दवाखान्यात जाऊन बसू लागली. ट्रे बाहेर आला की उठून नातेवाइकांना सांगायची. "हात नगा जोडू. तपासाया पाठवा म्हना. माजी फेकली यानं!" त्याने पोलीस बोलावले. हवालदार म्हणाला, "बसलीय नुस्ती. काय करू?" शेवटी झक मारत डॉक्टर पिशव्या आमच्याकडे पाठवू लागला. चांगुलपणा कसला, घाबरला होता मेला. 'चुकलो' मात्र म्हणाला नाही.

श्वास पुरेना तेव्हा मॅडम पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला निघाल्या. "न्हाई. त्याच्याच दवाखान्यात. त्याच्या डोळ्यांम्होरं मरनार मी." आणि तसंच केलं तिने.

मी पोचले तेव्हा डॉक्टर मृत्यूचं कारण लिहीत होता. नुसतं 'कॅन्सर' लिहून त्याने सहीसाठी पेन टेकवलं. मावशीचा नवरा, कधी कुणापुढे तोंड न उघडणारा माणूस, टेबलाजवळ आला.

"पुरं नाव लिवा. कशाचा, ते बी."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवून त्याची सुटका केली नाही.

"लिवा की. तिला पाठ व्हतं."

शेजारच्या खाटेवर ती होती, तोंडावर चादर. डॉक्टरने मान खाली घातली. त्याचं लिहून होईपर्यंत आम्ही दोघं तिथून हललो नाही.