उलथन्याने बसवलेला स्विच

खंडेनवमीला हंबीरराव हत्याराला हात लावत नसत. सुलतानपेटेतल्या त्यांच्या मोटार-वायरिंगच्या शेडमध्ये पकडी, पाने, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडलेले, एकेकाला गंध-फूल वाहिलेलं. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना विसावा.

दुपारी धो धो पावसात डॉक्टर पद्मावतींची मॉरिस गाडी शेडसमोर कचकन थांबली.

"हंबीररावअण्णा, वायपरचा स्विच तुटलाय. होसकोट्याला बाळंतीण अडलीय, मूल पायाळू. समोरचं झाडसुद्धा दिसत नाही मला!"

"स्विच आहे हो, डॉक्टरअक्का. पण आज कसा बसवू? उद्या पहाटे..."

"उद्या पहाटेपर्यंत ती बाई राहील?"

हंबीररावांनी पकडीकडे नेलेला हात मागे घेतला. त्यांच्या वडिलांनी एकदाच या दिवशी पाना उचलला होता. संध्याकाळी जॅक निसटला, हाताची तीन बोटं गेली. हंबीरराव पाटाकडे बघत राहिले.

"किल्ली काढून घ्या, अक्का."

हा आवाज मागच्या दारातून आला. हंबीररावांची बायको सकवारबाई. पदर खोचलेला, एका हातात उलथनं, दुसऱ्यात फळीवरचा नवा स्विच.

"तू कुठं निघालीस?"

"गाडीत."

"अगं, आज हत्यार उचलायचं नाही!"

"हे उलथनं आहे. याला कधी फूल वाहिलंत तुम्ही?"

सकवारबाई पावसातून गाडीत शिरली. शेजारचा टायरवाला यल्लाप्पा छत्री घेऊन धावला. "अय्यो, अक्का! शॉक बसेल!"

"बारा व्होल्टचा? स्वल्प सरक बाबा, उजेड येऊ दे."

तिने डॅशबोर्डाखाली मान घातली, उलथन्याच्या कोपऱ्याने स्क्रू सैल केले, तुटका स्विच ओढून काढला. वायरचं टोक दातांनी सोललं. डॉक्टरांनी डोळेच मिटून घेतले.

हंबीरराव गांगरून ओरडले, "फ्यूजची वायर स्विचवर घे!"

"आणि जाळू गाडी? करंट वायपरच्या मोटारीला थेट जातो. स्विच नुसता परतीची वायर गाडीच्या बॉडीला टेकवतो. मोटारीकडून आलेली ही एका टोकाला, ही बॉडीची दुसऱ्या." ती बाहेर न बघताच म्हणाली. "तुम्हीच तर शिकवता कामगारांना. बारा वर्षं त्या दारात तांदूळ निवडतेय मी."

तिने स्क्रू आवळून नवा स्विच पक्का केला.

"लावा किल्ली."

डॉक्टरांनी स्विच दाबला. पाती थरथरली, अडखळली आणि सपासप फिरायला लागली. यल्लाप्पाच्या हातून छत्री गळाली. डॉक्टर 'येते' म्हणायलाही थांबल्या नाहीत. हंबीरराव मात्र स्टुलावर बसले ते बसलेच. जेवायला उठले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत.

दिवे लागायच्या वेळेला मॉरिस परत आली. डॉक्टरांची साडी चिखलाने भरलेली.

"मुलगी झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, सकवारअक्का." मग जरा चाचरत म्हणाल्या, "पण स्विच बंद केला की पाती काचेच्या मधोमधच थांबतात."

सकवारबाई पहिल्यांदाच गोंधळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

दुपारपासून मुके बसलेले हंबीरराव खाकरले. "पाती खाली टेकली की त्याच क्षणी बंद करायचा. साधा स्विच आहे, पाती आपोआप खाली नेत नाही. तिचं काही चुकलेलं नाही."