ट्रकातून आलेल्या भिंती

जळगावच्या बाहेर आमचा कारखाना आहे. तिथे आम्ही लोखंडी साच्यांत भिंती ओततो. खिडकीची जागा, वायरची नळी, सगळं आतच बसवून. भिंत वाळली की ट्रकवर चढवायची आणि जागेवर नेऊन उभी करायची. मी तिथे इंजिनिअर आहे, आणि माझे वडील साक्रीत चाळीस वर्षांपासून गवंडीकाम करतात. आमच्या घरात जेवताना शांतता का नसते, हे एवढ्यावरून कळावं.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंचं मत ठाम होतं. "घर काय इडली शे का, साचामा टाकीसन काढाले?"

म्हणून पिंपळनेरजवळ शेतात राहणाऱ्या माझ्या थोरल्या काकांनी, म्हणजे नानांनी, दोन खोल्या आमच्याकडून घ्यायच्या ठरवल्या, तेव्हा भाऊंनी तीन दिवस नानांचा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी निरोप आला: भिंती येतील त्या दिवशी मी येतोय. ओळंबा घेऊन.

आले. गावही आलं. शेजारचा शेतकरी रिकामी बैलगाडी घेऊन आला होता, कारण बांधकाम म्हणजे राडारोडा निघणार आणि त्याला दारापुढचा खड्डा बुजवायचा होता. क्रेनने पहिली भिंत उचलली तशी बाया कुजबुजल्या. दुपारपर्यंत बाहेरच्या चारही भिंती उभ्या झाल्या. भाऊ प्रत्येक भिंतीला ओळंबा लावत होते, कोपऱ्याचा काटकोन गुण्याने तपासत होते, आणि त्यांना कुठेच चूक सापडत नव्हती. माझी छाती फुगत चालली होती.

मग ते कोपऱ्यावर थांबले. "बेटी, खिडकी म्हैसकडे कसाले तोंड करी उभी शे?"

मी पाहिलं. खिडकी पूर्वेला हवी होती. ती पश्चिमेला, थेट शेजाऱ्याच्या गोठ्याकडे उघडत होती, आणि म्हशीने आत मुंडकंही घातलं होतं. कुठली भिंत कुठल्या बाजूला, याचे आकडे निघताना खडूने मी स्वतः टाकले होते. तीनच्या जागी चार आणि चारच्या जागी तीन.

नाना माझ्याकडे बघत होते. गाव बघत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, हे मुद्दाम केलंय! विटांची भिंत चुकली तर फोडावी लागते. आमची कशी बदलता येते, ते आता बघा."

खरंच बदलता येत होती. सांध्यांत सिमेंटचा मसाला अजून भरायचा होता, भिंती नुसत्या लोखंडी टेकूंवर उभ्या होत्या. क्रेनवाल्याने माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि बिचाऱ्याने पुन्हा साखळ्या अडकवल्या. तासाभरात दोन्ही भिंती अदलाबदल होऊन उभ्या राहिल्या, खिडकीतून पूर्वेचा डोंगर दिसू लागला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कारसुद्धा केला. निर्लज्जपणाला काही मर्यादा असते, पण ती त्या दिवशी मला सापडली नाही.

भाऊ जवळ आले आणि कानात म्हणाले, "भिंत सरळ शे. इंजिनेर वाकडी शे."

"भाऊ, कुणाला सांगू नका ना."

"नही सांगत. पन माले तुन्हा कारखाना दखाड."

संध्याकाळी सगळा कचरा एका टोपल्यात मावला. शेजारी बैलगाडी घेऊन रिकामाच परत गेला, माझ्यावर चांगलाच रागावून.

पुढच्या आठवड्यात भाऊ जळगावला आले. साच्यांखालून वाहणारं पाणी टाकीत जमा होऊन पुन्हा भिंतींवर फिरतं, ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. साक्रीकडच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत भिंतींना पाणी मारण्यात त्यांची उमर गेली होती. "इतलंसं पानी?" एवढंच म्हणाले.

त्यांचा हा मऊपणा दहा मिनिटं टिकला. मग साच्यातून निघताना भिंतीची कड तुटते, हे त्यांच्या नजरेस आलं, आणि त्यांनी आमच्या फोरमनला साच्यावर आतून तेलाचा हात कसा फिरवायचा, यावर भर उन्हात धडा दिला. फोरमन चिडला, पण कडा तुटायच्या थांबल्या.

साक्रीत आता भाऊ सांगत असतात की जळगावचा एक कारखाना त्यांच्या सल्ल्याने चालतो. मी ते खोडून काढू शकत नाही. त्यांनी तोंड उघडलं तर माझं काय होईल, ते मला पक्कं ठाऊक आहे.