मुक्ताबाईंचा एकमुखी वर्ग

मुक्ताबाई वाघमारे त्या शाळेत पहिल्या दिवशी उभ्या राहिल्या, तेव्हा खेळ कुठला ते न सांगताच कुणी पडदा वर करावा तशी त्यांची गत झाली होती. समोर बसकरांवर मुलं, मागे मारुतीच्या देवळाची भिंत, खिडकीतून दिसणारी मिठागरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. लातूरकडच्या कोरड्या मुलखातली ही बाई. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत तिनं खारं पाणी पाहिलं नव्हतं, आणि ते डबक्यांत कोंडून त्याचं मीठ करतात हे तर तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आपल्या गावच्या बौद्धवाड्यातली डी.एड. झालेली ती पहिली मुलगी. नवरा सिताराम तळोज्याच्या कारखान्यात लागला, दोघांनी नावड्यात खोली घेतली, आणि पाठोपाठ बाईंना खाडीकडच्या या गावात नेमणूक मिळाली. रोज सकाळी त्या बांधावरून चालत यायच्या. पदर खोचलेला, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला, कारण चिखलात चपला टिकायच्या नाहीत. शाळेच्या पायरीवर पाय धुवायच्या, चपला घालायच्या आणि मग आत शिरायच्या. त्यांचं शिकवणंही तसंच होतं, नीटनेटकं आणि मनापासून. गणित शिकवताना त्या कोळीण व्हायच्या, गिऱ्हाईक व्हायच्या, तराजूही व्हायच्या. मुलं तोंडाचा आ करून बघत बसत.

धडा संपला की बाई विचारायच्या, "समजलं का?"

"समजला, बाय!" अख्खा वर्ग एका दमात. देवळावरची कबुतरं उडायची.

पहिला महिनाभर बाई या आरोळीवर खूष होत्या. मग एकदा त्यांनी पाट्या काढायला लावल्या. एका टोपलीत बारा शेर मीठ, तर सात टोपल्यांत किती? थोडी कुजबुज झाली, पेन्सिली वाजल्या, आणि बाईंनी "वर करा" म्हणताच सगळ्या पाट्या एकदम वर गेल्या. बाईंनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, मग शेवटच्या. प्रत्येक पाटीवर चौऱ्याहत्तर.

चुकीचं उत्तर बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. पण एकच चूक, अख्ख्या वर्गाची, एकही पाटी न वगळता? दुसऱ्या दिवशी दुसरं गणित घातलं, तर सगळ्या पाट्यांवर बरोबर उत्तर. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या चूक. यांना येतं म्हणावं तर येत नाही, येत नाही म्हणावं तर येतं.

रात्री भाकरी थापताना त्यांनी हे सितारामला सांगितलं.

"सगळ्यांनी चौऱ्याहत्तर?" सिताराम हसला. "अगं, संपाच्या दिवशी आमचे कामगारबी इतके एक नसतात. कामून रडतीस? युनियन काढ त्यांची."

"रडत न्हाई मी. मला समजंना झालंय, कोणत्या लेकराला काय येतंय ते."

"मग एकेकाला विचार की."

तेही बाईंनी करून पाहिलं. टेबल पुढे ओढलं, हजेरीपट उघडला, पेन काढलं आणि नाव पुकारलं, "नामदेव." नामदेव आला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला. वर्गात बोलून बोलून छत उडवणारा पोरगा, टेबलापाशी मुका झाला. त्यानं मागे वळून वर्गाकडे पाहिलं. वर्ग त्याच्याकडे पाहत होता, डोळे न हलवता. प्रश्न गेला, घड्याळ चाललं, उत्तर आलं नाही. त्याच्यानंतर आलेल्या मुलाचं तेच, मुलीचंही तेच. बाईंना वाटलं, यांना माझी भीती वाटते. त्यांनी आवाज आणखी गोड केला, तर पोरं आणखीच घाबरली.

हे असं चाललं असतं तर बाई फार तर वैतागल्या असत्या. पण फाल्गुनात गोजरा आली.

गोजरा मिठागरात डोक्यावरून मीठ वाहायची. नवरा नव्हता, एक मुलगी होती, पुतळा, चौथीत. या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. गोजरा थेट टोपली घेऊनच दारात उभी राहिली. पिंढऱ्यांवर मिठाची पांढरी पुटं.

"बाय, येक इचारू? मुकादम बोलतं, पुतलीला आन कामावर. दुसरा मानूस बोलतं, नावड्याला पाचवीन घाल. मना काय कलतं? तुमी शिकवताव तिला. तिच्या डोक्यान शिरतं का? शिरत असल तर धाडते. नसल तर उगाच कनाला पोरीला तंगवायची?"

बाईंच्या तोंडाशी आलेलं "हो" तिथेच थांबलं. पुतळा कोण ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्या रांगेत, खिडकीशी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. पण पुतळाला काय येतं? तिची पाटी सगळ्यांसारखी, तिचा आवाज सगळ्यांत मिसळलेला. वर्षभर शिकवून या मुलीविषयी आपल्याला एक वाक्य छातीठोकपणे सांगता येत नाही, हे बाईंना त्या क्षणी कळलं आणि त्यांचे कान तापले.

"दोन दिवस द्या मला," त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी पुतळाला अंगणातल्या भेंडीच्या डेरेदार झाडाखाली नेलं.

"पुतळा, खरं सांग. शिकवलेलं तुला कळतं का?"

"आमाला कलतं."

"तुला विचारते मी."

पुतळानं बाईंकडे पाहिलं. प्रश्नच चुकीचा होता, पण बाई मोठ्या म्हणून सांभाळून घ्यायचं, अशी ती नजर होती. "आमाला," ती पुन्हा म्हणाली आणि पळाली.

बाईंना वाटलं, आपल्यालाच काही येत नाही. शिकवायला येतं, पण पोचलं का ते बघायला येत नाही. रिकाम्या प्रेक्षागृहात भाषण म्हणावं आणि टाळ्या मात्र भिंतींनी वाजवाव्यात, तसं काहीतरी. संध्याकाळी घरी न जाता त्या देवजीबाबांकडे गेल्या. गावकीत देवजीचा शब्द चालायचा. म्हातारा ओट्यावर जाळं विणत बसला होता. बाईंनी सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तरचं ऐकून त्याला इतकं हसू आलं की सुतळी हातातून सुटली.

"हुशार हायत पोरा!" तो म्हणाला. "बाय, गावकीचा बोल हाय ता. गेल्या सालापासना."

मग त्यानं सांगितलं. नव्या शहरासाठी जमिनी जाणार म्हणून मोजणीवाले आले होते. ते एकेकाला जीपपाशी बोलवायचे. तुझी किती, भावाची किती, बांध कुठला? एकानं एकट्यानं काहीतरी सांगितलं, ते भावाला कळलं, आणि तेव्हापासून दोन घरांतलं पाणी बंद झालं. म्हणून गावकीनं ठरवलं, एकट्यानं कुणी काही सांगायचं नाही. कुणीही विचारो, आधी आपसात बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून एकच उत्तर द्यायचं. चुकलं तर सगळ्यांचं चुकलं.

"पण बाबा, ते गणिताचं उत्तर आहे," बाई काकुळतीला आल्या. "सातबारा नाही तो!"

"पोरांना काय म्हाईत? तुमी टेबलाशी बसलाव. हातान पेन. फुडं कागुद. येकेकाचा नाव पुकारलाव." देवजीनं सुतळी पुन्हा गाठीत ओवली. "तुमीच सांगा, कुनासारख्या दिसलाव?"

पेन, हजेरीपट, गोड आवाज. डी.एड.ला जे जे शिकवलं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीनं मुलांना जीप आठवली होती.

"मग मुलांना सांगा ना तुम्ही. शाळेत बोलायला हरकत नाही म्हणून."

"मी येकटा कसा सांगू?" देवजी खरोखरच गोंधळून म्हणाला. "गावकीचा बोल गावकीच मोडनार. उद्या सांजला बसनार हाव आमी देवलाशी. गोजराच्या पोरीचा पन तवाच इचारू. या तुमी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. पुरुष ओट्यावर, बाया खाली, पोरं कठड्यावर. बाईंना खुर्ची दिली होती आणि ती नेमकी मधोमध मांडली होती. आजवर दुसऱ्यांची परीक्षा घेणारी ती बाई, आता तिच्याकडे सगळं गाव बघत होतं.

गोजरा उभी राहिली. "बाय, सांगा. पोरीला कलतं का?"

बाई उभ्या राहिल्या. "हुशार आहे" म्हटलं की काम होणार होतं, पोरगी पाचवीत जाणार होती. पण ते खोटं ठरलं तर? नावड्याच्या शाळेत तिला कुजबुजायला हा वर्ग नसेल. ती वर्षभर बाकावर मुकी बसेल, गोजराचा हंगाम बुडेल, आणि मग या गावातली कुठलीच आई पुन्हा मुलीला पुढे धाडणार नाही. आणि "मला माहीत नाही" म्हटलं तर उद्याच डोक्यावर टोपली. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं.

"बायला पन गावकीचा बोल लागला वाटतं," खाली बसलेल्यांतली एक पुटपुटली आणि बाकीच्या पदराआड हसल्या.

देवजीला त्यांची दया आली. तो कठड्याकडे वळला. "पोरांनो, तुमी सांगा. पुतलीला शालतला कलतं का?"

"कलतं!" एकच आरोळी. देवळातली घंटासुद्धा हलली असेल.

ओट्यावर समाधानाच्या माना डोलल्या. झालं काम. बाई मात्र होत्या त्याहून अधिक गोंधळल्या. हे उत्तर की ठराव? पोरांना ठाऊक होतं म्हणून ती बोलली, की बोलायचं ठरलं होतं म्हणून? त्या खुर्चीचा हात धरून उभ्याच होत्या.

"नाय."

आवाज बारीक होता. कठड्याच्या टोकाला पुतळा उभी होती. शेजारच्या नामदेवानं तिचा परकर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"काय नाय?" देवजीनं विचारलं.

"सगला नाय कलत." पुतळाचा चेहरा लाल झाला होता, ती देवजीकडे नाही, बाईंकडे बघत होती. "गुनाकार कलतं. भागाकार नाय कलत मना. वाटून वाटून जा उरतं ना, ता कुनाचा, ता नाय कलत."

गावकीच्या देखत, गावकीच्या विरुद्ध, एकटीनं, आणि तेही आपल्याला येत नाही असं सांगायचं! गोजरानं कपाळावर हात मारला.

मुक्ताबाईंनी मात्र खुर्ची सोडली. वर्षभर ज्याच्यासाठी त्यांनी पाट्या वर करायला लावल्या, ते या पोरीनं त्यांच्या हातात आणून ठेवलं होतं.

"गोजराबाई," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज स्वच्छ बाहेर आला, "हिला पाठवा. नक्की पाठवा."

"आवो, पन पोर बोलते कलत नाय!"

"म्हणूनच सांगते. आपल्याला काय कळत नाही, ते हिला नेमकं कळतं."

आता गोंधळायची पाळी गावाची होती. कलत नाय आन धाडा? ही कसली बाय? ओट्यावरून एक जण बोलला, पोरीला दंड करा. दुसरा म्हणाला, कशाला दंड, खरा तर बोलली. तिसरा म्हणाला, शाळेचा बोल वेगला न् जमिनीचा वेगला. बाया आपसात भांडू लागल्या. देवजी "येकेक बोला रं, येकेक!" म्हणून ओरडत राहिला, आणि आपण काय ओरडतो आहोत ते ध्यानात येऊन मध्येच थांबला.

त्या गलक्यात गोजरा उठली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "पोर माझी हाय. जाईल ती नावड्याला." आणि खाली बसली. कुणी तिला अडवलं नाही, कारण कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं.

पुतळा कठड्यावरून उतरून बाईंच्या खुर्चीपाशी आली होती. शाळेचं काय ठरलं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती उत्तरासाठी उभी होती.

"उरतं त्याला बाकी म्हणतात, पुतळा," बाई खाली वाकून म्हणाल्या.

"बाकी कुनाची?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. दहा वर्षं त्या भागाकार करत होत्या, वर्षभर शिकवत होत्या, रेघ ओढून खाली बाकी लिहीत होत्या. ती कुणाची, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"मलाही नाही कळत गं," त्या म्हणाल्या. "उद्या दोघी मिळून बघू."