ऐकणाऱ्याची खुर्ची

एका भाडेकरारातल्या वाक्यात मी सकाळपासून अडकलो होतो. इंग्रजी वाक्य अर्ध्या पानाचं, ते स्पॅनिशमध्ये न्यायचं होतं, आणि घराच्या दुरुस्तीची जबाबदारी मालकाची की भाडेकरूची तेच हाती लागत नव्हतं. प्रभाताईंना विचारावं म्हणून फोन उचलणार तोच तो वाजला. पडद्यावर 'प्रभाताई घर' असं नाव. मी हसतच म्हणालो, "ताई, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला." पलीकडून त्यांची भाची म्हणाली, "मी अनघा बोलतेय. आत्या आज पहाटे गेली." त्याला आता काही आठवडे झाले. माझं ते वाक्य मात्र अजून कानातून जात नाही.

प्रभाताई इंग्रजीतले कायद्याचे कागद स्पॅनिशमध्ये आणायच्या. कोर्टाचे निकाल, मृत्युपत्रं, लग्नाचे दाखले, करार. त्या कायदा शिकल्या होत्या, पण काळा कोट कधी घातला नाही. यजमानांना, म्हणजे मधुकाकांना, कंपनीने काही वर्षं मेक्सिकोला पाठवलं होतं. तिथं भाजी आणता आणता त्या भाषा शिकल्या आणि मग परीक्षा देत देत थेट तिथल्या कायद्याच्या पुस्तकांपर्यंत पोचल्या. पुण्यात परतल्यावर कसबा पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी काम सुरू केलं. दारावर पाटी नव्हती. "ज्याला गरज आहे तो विचारत येतो, आणि ज्याला नाही त्याने पाटी वाचून काय करायचंय?" असं त्यांचं म्हणणं.

मी बार्शीचा. वडील मार्केट यार्डात हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकायला गेलो, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "जर्मन भरलं. स्पॅनिशला जागा आहेत, बसताय का?" एसटीत बसावं तसा मी बसलो. वर्ग संपले तेव्हा सरांनी प्रभाताईंचा पत्ता दिला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. शब्दकोश उघडून मी सरळ लिहीत सुटलो. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इंग्रजीतून निघालात ते थेट स्पॅनिशला पोचलात. मराठी काय दाराबाहेर चपलांजवळ ठेवलीय?"

त्यांची कामाची रीतच तशी होती. टेबलाशी दोन चांगल्या खुर्च्या, आणि तिसरी एक लोखंडी, घडीची, हिरवा रंग उडालेली. ती ऐकणाऱ्याची. कुठलंही कलम स्पॅनिशमध्ये लिहायच्या आधी त्या खुर्चीतल्या माणसाला ते मराठीत समजावून सांगायचं, आणि त्याला कळलं तरच पुढे जायचं. बहुतेक वेळा तिथं मधुकाका असत, मटार सोलत नाहीतर पेपर वाचत. कधी शेजारच्या काकू, कधी इस्त्रीचे कपडे द्यायला आलेले गृहस्थ. "अहो, दोनच मिनिटं बसा," म्हणत ताई त्यांना बसवून घ्यायच्या. मधुकाका ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "हे सगळं झालं. पण समजा त्याने तसं केलंच नाही, तर?" निम्म्या वेळा उत्तर आमच्यापाशी नसायचं. मग पुन्हा मूळ कागदात शिरायचं.

मला सुरुवातीला त्या खुर्चीसमोर बोलायची लाज वाटायची. पुस्तकातली मराठी बोलायला जायचो आणि मध्येच 'हाय' नाहीतर 'न्हाई' निसटायचं. एकदा तसाच अडखळून थांबलो. ताई म्हणाल्या, "तुमच्या आईला हे कसं सांगाल?" मी म्हणालो, "ताई, आई शाळेत गेलेली नाही." त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय." त्या दिवसापासून मी तिथं बार्शीच्या मराठीत कलमं सांगू लागलो, आणि गंमत म्हणजे मलाही ती कळू लागली.

त्या घरातलं एक काम मी विसरणं शक्य नाही. रेवती नावाची एक तरुण आई भावाला घेऊन आली होती. नवरा नोकरीसाठी स्पेनमध्ये, दोघांचं पटलं नाही, पुण्याच्या कोर्टाने त्यांच्या लहानग्या मुलीचा, ईशाचा, ताबा आईला दिला होता. सुटीत मुलगी वडिलांकडे गेली आणि त्यांनी तिला परत पाठवलंच नाही. आता इथला निकाल तिथल्या कोर्टापुढे ठेवायचा होता. मुलगी परत येणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या कागदाच्या भाषांतरावर अवलंबून होतं.

तिकडच्या कायद्यात दोन शब्द आहेत. मूल कोणाजवळ राहणार यासाठी 'ग्वार्दा', आणि मुलाच्या आयुष्यातले सगळे निर्णय घेण्याचा आईवडिलांचा अधिकार म्हणजे 'पात्रिया पोतेस्ताद'. हा दुसरा शब्द फार मोठा. आमच्या निकालात मुलगी आईजवळ राहील असं होतं, पण शाळा आणि आजारपण याबाबत दोघांनी मिळून ठरवायचं होतं. रेवतीच्या भावाने इंटरनेटवर तो मोठा शब्द शोधून आणला होता. "एक शब्द तर घालायचाय, मॅडम. तिकडे कोण बघतंय?"

ताई म्हणाल्या, "तिकडचा वकील बघतोय. कोर्टाने तुमच्या बहिणीला दिलंय त्याहून तीळभर जास्त मी लिहिलं, तर तो नेमका तेवढा तीळ उचलेल आणि सगळा कागदच खोटा म्हणेल."

"अहो ताई, माझी मुलगी आहे हो ती," रेवती म्हणाली.

"म्हणूनच," ताई म्हणाल्या.

मधुकाका खुर्चीत बसून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "पण प्रभा, पोरगी राहणार कोणाकडे, हे त्यांना वाचल्या वाचल्या कळतंय का?" ताईंनी कागद पुन्हा पाहिला. मूळ इंग्रजी वाक्य लांबलचक होतं, आणि मुलगी आईजवळ राहील ही गोष्ट अटी-शर्तींच्या मागे पार शेवटी दडली होती. त्यांनी एकही शब्द वाढवला नाही, एकही गाळला नाही. फक्त त्या एका वाक्याची तीन वाक्यं केली. पहिलं वाक्य होतं, मुलगी आईजवळ राहील. "शब्द वाढवायचा नाही. पण तो माणसाच्या डोळ्यांसमोर नीट ठेवायचा," त्या मला म्हणाल्या. हे मी आजवर पाळत आलोय.

पण निकाल लवकर लागेना. समोरच्या वकिलाने भाषांतरावरच हरकत घेतली, ते तपासायला दुसरा भाषांतरकार नेमला गेला. अशातच एका दुपारी रेवती एकटीच आली. बसलीही नाही. "तो शब्द लिहिला असतात तर एव्हाना आली असती ती," एवढं बोलून ती जिना उतरली. ताईंनी समोरचा चहा बाजूला सारून स्वतःचं भाषांतर काढलं, मला खुर्चीत बसवलं आणि पहिल्यापासून मराठीत सांगायला सुरुवात केली. त्या खात्री करून घेत होत्या की स्वतःची समजूत काढत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, दोन्ही.

शेवटी त्या कागदात चूक म्हणून धरायला कोणालाच काही सापडलं नाही. ईशा परत आली. रेवती तिला घेऊन पेढे द्यायला आली तेव्हा मुलगी लोखंडी खुर्चीत गप्प बसून होती. तेवढ्या महिन्यांत तिची मराठी मागे पडली होती. ताईंनी तिला स्पॅनिशमध्ये पाणी हवं का विचारलं. तिने मान हलवली. पेला हातात देताना ताई म्हणाल्या, "पाणी." मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "पाणी." रेवतीने पदर डोळ्यांना लावला. ताई पेढे घेऊन आत गेल्या.

मधुकाका गेल्यावर घर शांत झालं. तरी काम सुरू करताना ताई ती खुर्ची उघडून समोर ठेवत आणि रिकाम्या खुर्चीला कलम समजावून सांगत. मी एकदा दारातून ते पाहिलं आणि तसाच मागे फिरलो.

तेराव्याला रेवती आली होती, ईशाला घेऊन. ईशा आता कॉलेजात आहे. म्हणाली, "मला इथलं फारसं आठवत नाही. कुणीतरी पाणी विचारलं होतं, तेवढंच." निघताना अनघाने मला विचारलं, आत्याची आठवण म्हणून काय नेणार? शब्दकोशांनी कपाट भरलेलं होतं. मी खुर्ची मागितली. "ती गंजकी?" ती म्हणाली, आणि मग तिनेच ती पुसून दिली.

हल्ली आई माझ्याकडे धनकवडीला असते. परवा तो भाडेकरार पुन्हा काढला. आईला म्हणालो, "ये, बस जरा." ती खुर्चीत बसली, गुडघ्यावर हात ठेवून. मालक असा, भाडेकरू तसा, मी सांगत गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते समदं खरं," ती म्हणाली. "पण छत गळाय लागलं, तर बघायचं कुणी?"

मी मूळ कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आई उठली नाही.