खुशालशेटचा दुपारचा दिवा

अमेरिकेतली लढाई थांबली, तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला आणि इकडे अकोटात कापसाचा भाव धाडकन खाली आला. त्यात आमचा कापसाचा व्यापारी खुशालशेट बुडाला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालणारा माणूस. बुडाला तोही ऐटीत. रिवाजाप्रमाणे त्याने गादी उलटी केली, भर दुपारी दुकानात दिवा लावला आणि दिवाळं जाहीर केलं. पंचांनी दुकान, गाड्या, बैल घेणेकऱ्यांना वाटून दिले, राहतं घर शेटकडे ठेवलं आणि मागचं सगळं मिटवलं. दिवा मात्र कुणी नेला नाही. दिवाळ्याचा दिवा घरात कोण घेईल?

दसऱ्यानंतर घरपट्टी वसूल करणारा ताहेर जमादार ओट्याशी आला. शेटने सावकाश दिवा आणला, वात सारखी केली, पेटवला.

"हे काय करून राहिले, शेट?"

"दिवा लागला का देनं संपलं."

"मागचं संपलं. ही पट्टी दिव्यानंतरची हाये, अन् घर अजून तुमचंच हाये."

"म्हनून तर आज पुन्हा लावला!"

ताहेर हसत गेला. पुन्हा आला, पुन्हा दिवा लागला. गल्ली तमाशा पाहायला जमू लागली. शेवटी ताहेर हसला नाही.

"शेट, संक्रांतीपर्यंत पट्टी नाही आली, तर घराचा लिलाव हाये."

शेटची बायको माणिकबाई आतून ऐकत होती. तिने बाहेर येऊन दिव्यावर फुंकर मारली.

"येवढ्या तेलात अर्धी पट्टी निघाली असती! ओटा रिकामा हाये, नबी पिंजाऱ्याले भाड्यानं द्या."

"कापूस? माह्या दारात? ज्यानं मले बुडवलं?"

"कापसानं कायले बुडवलं? भाव चढतच राहीन म्हनून तुमीच कापूस साठवून बसले होते."

शेट रुसला. पण घर जाण्यापेक्षा ओटा गेलेला बरा, म्हणून नबी आला आणि शेट मागच्या दाराने ये-जा करू लागला. कापूस स्वस्त, थंडी तोंडावर. सारं अकोट गाद्या भरून घेत होतं. पिंजणाची तात दिवसभर टणटणू लागली. आधी शेट पाठ फिरवून बसे. मग एका दुपारी त्याच्याने राहवलं नाही.

"अरे नबी, ही रुई ओली हाये. उनात टाक पयले!"

त्या दिवसापासून गिऱ्हाइकांची रुई चिमटीत धरून पारखायला शेटच पुढे.

संक्रांतीच्या आधी ताहेर आला. शेटचं पागोटं रुईने पांढरं झालं होतं. भाड्याच्या पैशांतून त्याने पट्टी मोजून ताहेरच्या हातावर ठेवली.

"पावतीवर नीट लिहा, जमादार. खुशालशेट, घरमालक."

"अन् तो दिवा?"

"लागते ना," माणिकबाई म्हणाली, "सगळ्याईच्या घरी लागते तसाच. दिवस बुडाल्यावर."