मावशींचे सहाशे बारा अर्ज

जिवंत माणसाबद्दल चांगलं किंवा मेलेल्या माणसाबद्दल वाईट असं एकही वाक्य आमच्या घरमालकीणबाईंनी आयुष्यात उच्चारलं नाही. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत त्यांच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी पत्नी सहा वर्षं भाड्याने राहिलो. खाली त्या एकट्या राहत. या सहा वर्षांत त्यांनी गावचा मेयर, चर्चचे पाद्री, पोस्टमन आणि आम्ही दोघं अशा सर्वांना नालायक ठरवलं होतं. पैकी पोस्टमन वारला, आणि त्याच दुपारपासून तो न्यू जर्सीतला सर्वांत वक्तशीर माणूस झाला. बाई अठराव्या वर्षी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून अमेरिकेत आल्या होत्या. आम्ही भेटलो तेव्हा सत्तरीच्या होत्या, उंची पाच फुटांच्या आत. माझी पत्नी त्यांना मावशी म्हणू लागली. शब्दाचा अर्थ आईची बहीण, हे कळल्यावर त्यांनी तो लगेच मंजूर केला, कारण ‘मिसेस’ म्हटलं की नवऱ्याला विनाकारण श्रेय मिळतं, असं त्यांचं मत होतं. नवरा तसा फार उत्तम माणूस होता. त्याला वारून अकरा वर्षं झाली होती.

सकाळी पेपर आला की मावशी आधी निधनवार्ता वाचत. आयरिश आडनाव दिसलं की पेन्सिलीची खूण, आणि खूण झाली की संध्याकाळी काळा कोट. आयरिश लोकांत दफनाच्या आधी मृताला मधोमध ठेवून आप्तेष्ट जमतात, खातात, पितात आणि त्याच्या गमती सांगतात. मावशींना गाडी चालवता येत नसल्यामुळे अशा एकोणीस बैठकांना मी हजर राहिलो. पहिल्या बैठकीत मी आपल्या रीतीने मान खाली घालून, हात बांधून कोपऱ्यात उभा होतो. मावशी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “चेहरा बदल. लोकांना वाटेल, तूच मारलंस.” परतीच्या वाटेवर त्या मृताचे गुण आणि सँडविचचे दोष सारख्याच बारकाईने सांगत. पुण्यात अकरा वर्षं वर्तमानपत्रात काढूनही मी इतकं नेमकं वार्तांकन ऐकलेलं नव्हतं.

अमेरिकन लोक चहा करत नाहीत, पाण्याला पुडी दाखवतात, असं त्या म्हणत. आमचा उकळलेला, दुधाचा चहा त्यांनी पहिल्याच दिवशी पास केला. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या माझ्या गाडीवर बाटलीतलं मंतरलेलं पाणी शिंपडत. दसऱ्याला पत्नीने त्याच गाडीला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला, तेव्हा त्यांनी चारही बाजूंनी फिरून पाहणी केली आणि म्हणाल्या, “चाकांनाही लावा. बिघाड तिथूनच सुरू होतो.” एका चतुर्थीला पत्नीने त्यांना उपासाची बटाट्याची भाजी दिली आणि उपास म्हणजे काय ते समजावलं. मावशींनी दोनदा वाढून घेतली. मग म्हणाल्या, “आमच्याकडे बटाटा गेला की उपास पडायचा. तुमच्याकडे बटाटा आला की उपास. तुमचा देव शहाणा आहे.” या वाक्यात बटाट्याचं पीक सडून त्यांच्या देशात पडलेला दुष्काळ होता आणि जहाजात बसलेले लाखो लोक होते, पण त्यांनी ते भाजीच्या मिठाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

त्यांची भाची आमच्या तिथल्या तिसऱ्या वर्षी आली. एका लग्नासाठी म्हणून आली ती राहिलीच. वय तिशीचं, काम घरोघरी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचं, आणि कागदपत्रं काहीच नाहीत. आमच्या मराठी मंडळींचा यावर विश्वास बसेना. “गोरी आहे आणि पेपर्स नाहीत? काय सांगतोस यार,” असं मला तिघांनी तरी विचारलं. आम्ही सगळे शिक्के मारून घेऊन आलेले लोक होतो. पुढे भाचीची आई, म्हणजे मावशींची धाकटी बहीण, तिकडे आजारी पडली. भाची भेटायला गेली असती तर तिला परत येता आलं नसतं. आणि तिने इथून धाडलेल्या पैशांवरच तिकडचा दवाखाना चालला होता. मावशी एरवी या विषयावर बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, “मी निघाले त्या संध्याकाळी गावाने मला मधे बसवून मेलेल्या माणसासारखा निरोप दिला. अमेरिकेला गेलेलं माणूस परत येत नाही, हे ठरलेलंच. आईला मी पुन्हा पाहिलं नाही. या पोरीचं तसं होणार नाही.”

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत सरकारने काही देशांतल्या लोकांना व्हिसा देण्याची एक तऱ्हेवाईक योजना काढली. यादीत आयर्लंड होतं, भारत नव्हता. साध्या कागदावर नाव, जन्मतारीख, जन्मगाव लिहायचं. एका माणसाने हवे तितके अर्ज पाठवावेत. वॉशिंग्टनला ठरलेल्या आठवड्यात जे आधी पोचतील ते घ्यायचे. त्याच्याही आधी पोचले तर रद्द. मावशींनी बातमी मला मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, “तुझ्या ओळखीच्यांत अक्षर कोणाचं चांगलं आहे?”

शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही नऊ जण बसलो, मावशी आणि भाची सोडून सगळी आमची मराठी मंडळी. कारखान्यांची आखणी करणाऱ्या एका इंजिनिअर मित्राने कामाचे टप्पे पाडले: एकाने कागद मांडायचा, दुसऱ्याने नाव, तिसऱ्याने तारीख, शेवटच्याने तिकीट चिकटवायचं. डॉक्टर काकांनी लिहिलेली चाळीस पाकिटं मावशींनी बाजूला काढली. “ही वॉशिंग्टनला काय, शेजारीसुद्धा पोचणार नाहीत.” काका म्हणाले, “पेशंट तर कधी कम्प्लेंट करत नाहीत.” मावशी म्हणाल्या, “करतील कशी? ते माझ्या पेपरात असतात.”

दुपारी भाचीने एक गोष्ट दाखवली. कागद मांडण्याचं काम नागपूरच्या काकूंकडे होतं, आणि दोनशेहून अधिक कागदांच्या माथ्यावर मधोमध ‘श्री’ लिहिलेलं होतं. काकू म्हणाल्या, “अहो, सवयीने झालं. कोरा कागद सुरू कसा करायचा?” इंजिनिअर म्हणाला, “काकू, सगळे कॅन्सल करतील. जादा काही लिहायचं नाही, असा रूल आहे.” भाचीचा चेहरा उतरला. सकाळपासूनचं काम चुलीत घालायचं की काय, यावर मराठीत आणि इंग्रजीत एकदमच वाद सुरू झाला. मावशींनी एक कागद चष्म्याजवळ धरला. “हे काय आहे?” मी सांगितलं की शुभ काम सुरू करण्याआधी देवाचं स्मरण म्हणून लिहितात. त्यांनी कागद गठ्ठ्यावर परत ठेवला. “राहू दे. आमचा देव या खात्यात आजवर काही करू शकलेला नाही.” डॉक्टर काकांची पाकिटं मात्र नव्याने लिहिली गेली. एकूण अर्ज झाले सहाशे बारा.

ते टपालाने पाठवून विसरणं मावशींना मान्य नव्हतं. बर्फातून मी त्यांना आणि भाचीला वॉशिंग्टनला घेऊन गेलो. पोस्टाबाहेर जत्रा होती. बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, जिथे जिथे आयरिश माणूस वसला तिथून तो पिशवी घेऊन आला होता, आणि जो तो आपण सहज आलो असल्याचं भासवत होता. एका पोत्यावर बसलेल्या गृहस्थाला मावशींनी विचारलं, “सहज आलास? पोत्यासकट?” तो त्यांच्या पलीकडच्या गावचा निघाला. तासाभरात रांगेत चहा फिरला, कोणीतरी गाऊ लागलं, आणि मावशींनी चार हयात माणसांशी चांगलं बोलण्यापर्यंत मजल मारली. सगळे अर्ज एकदमच लवकर किंवा उशिरा पोचू नयेत म्हणून दोन दिवस आम्ही शहरातल्या निरनिराळ्या पेट्यांत चाळीस-चाळीस पाकिटं टाकत हिंडलो.

उन्हाळ्यात भाचीला पत्र आलं. तिचा एक अर्ज लागला होता. तो ‘श्री’वाल्यांपैकी होता की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही, काकूंना तो लागत नाही. डब्लिनला मुलाखत होती, आणि तिथून आईचं गाव अर्ध्या दिवसावर. विमानतळावर पत्नी म्हणाली, “मावशी, तुम्हीपण जा ना. तिकीट मी बुक करते.” मावशींनी मान हलवली. “मी दारात उभी राहिले तर बहिणीला कळेल, डॉक्टरांनी हात टेकले. पोरगी गेली तर ती नुसती पोरगी आली.”

तीन आठवड्यांनी भाची शिक्का घेऊन त्याच विमानतळावर उतरली. मावशी, पत्नी आणि मी तिला घ्यायला गेलो होतो. आई अंथरुणात बसून भांडण्याइतकी बरी होती. मावशींनी भाचीच्या दोन्ही दंडांना धरून पाहिलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. गेलेलं माणूस परत आलेलं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. गाडीत बसल्यावर भाचीने आईने दिलेली लोकरी शाल काढली. तिकडे चुलीत दलदलीतली वाळवलेली माती जाळतात. तिच्या धुराचा गोडसर, जड वास गाडीभर पसरला. मावशींनी शाल मांडीवर घेतली. ऑगस्ट होता, माझ्या गाडीत एअर कंडिशनर नव्हता.

“काच वर कर,” त्या म्हणाल्या.

मी केली. पार्सिपनी दीड तासावर होतं. आम्ही चौघं घामाने निथळत होतो, पण कोणीच काच खाली केली नाही.