डबे कुठवर आले?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ओट्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठतात.

२००५ साली मी टेक्सासमध्ये, अर्विंगला होतो. एका छोट्या रेल्वे कंपनीसाठी आम्ही वेबसाइट केली होती. कंपनी म्हणजे दोन इंजिनं, चाळीसेक मैलांचा रूळ आणि बारा गिऱ्हाइकं. आपला मालडबा कुठवर आलाय ते गिऱ्हाइकांनी साइटवर बघायचं, फोन करायचा नाही, एवढंच!

सगळे फोनच करायचे. शेवटी रेल्वेचा मॅनेजर डॉन म्हणाला, "महिनाअखेर निम्मी गिऱ्हाइकं साइट वापरत नसतील, तर प्रोजेक्ट कॅन्सल!"

माझा कामातला जोडीदार संदीप, नागपूरचा. प्रोजेक्टवरच त्याचा व्हिसा अवलंबून आणि पुढच्या महिन्यात बायको यायची होती. तो मला म्हणाला, "काका, ती उतरेल आणि मी परतीच्या विमानात चढेन!"

*

लाकडाच्या वखारीतल्या बाईंचा फोन. "साइट म्हणते डबा आला. कुठाय?"

संदीप म्हणाला, "मॅम, जरा खिडकीबाहेर बघता?"

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आलाय की! पण हे आधी कुणीतरी फोनवर सांगायला नको?"

*

पशुखाद्याच्या गिरणीचा मालक अर्ल मात्र साइट रोज बघायचा. बघायचा, प्रिंट काढायचा आणि तोच प्रिंट आम्हाला फॅक्स करायचा. खाली पेनानं लिहिलेलं, "हे खरं आहे का?"

संदीप "हो" लिहून परत पाठवायचा. एकदा संदीपनं सुट्टी घेतली. अर्लच्या दारात मक्याचा डबा दिवसभर उभा, पण "हो" आलं नाही म्हणून त्यानं उघडलाच नाही!

*

कोणता डबा कुठं, किती वाजता सोडला ते गाडीचा गार्ड हँक कागदावर लिहायचा आणि ऑफिस तो कागद आम्हाला फॅक्स करायचं. एक दिवस फॅक्समधून अख्खा पंजा बाहेर आला!

"काका, धमकी आहे का ही?"

कागद भिजला म्हणून हँकनं नंबर हातमोज्यावर लिहिले होते आणि ऑफिसनं हातमोजाच मशीनवर ठेवला. चार बोटांवरचे डबे सापडले. अंगठ्यावरचा नंबर वाचता येईना, तो डबा दोन दिवस बेपत्ता!

*

महिनाअखेर आली. डॉननं साइटचा लॉग उघडला. रोज येणारी नावं दोनच. अर्ल आणि विल्मा.

"विल्मा कोण? हिचा तर एकही डबा नाही!"

साइटवर कुणीही नाव नोंदवू शकत होतं. ते बंद करायला आम्ही विसरलो होतो! डॉननं स्पीकरवर फोन लावला.

"मी रुळाशेजारी डायनर चालवते," विल्मा म्हणाली. "साइटवर गाडी अलीकडच्या गोदामापाशी दिसली की मी ॲपल पाय ओव्हनमध्ये टाकते."

"म्हणजे तुम्ही आमचं गिऱ्हाईक नाही!"

"तुमची गिऱ्हाइकं सकाळी माझ्याकडेच कॉफीला असतात. कुणाचा डबा कुठाय ते मी मोठ्यानं वाचून दाखवते. आज नऊ जण होते."

संदीपनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

डॉन आता साइटवरच्या गाडीच्या वेळा बघत होता. "पण गाडी तुमच्या दारात रोज चाळीस मिनिटं का उभी असते?"

पलीकडून हँकचा आवाज आला, तोंडात घास. "सिग्नल लाल आहे, बॉस!"

डॉनची त्या लाइनवर तीस वर्षं गेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिथं एकही सिग्नल नव्हता.

त्यानं फोन ठेवला आणि आमच्याकडे वळला. "प्रोजेक्ट चालू ठेवा. आणि साइटच्या नकाशावर तिथं एक सिग्नल काढा."